चौथी डिस्क

सोमनाथ गुत्तेदाराच्या खुनातून राजकुमार साळवे निर्दोष सुटला, त्याला आठ वर्षं होत आली होती. लासूर स्टेशनातले लोक ते प्रकरण विसरले नव्हते, पण त्यावर बोलायचं त्यांनी सोडलं होतं. राजकुमारचा टेम्पो पुन्हा बाजार समितीच्या आवारात उभा राहू लागला होता. कांद्याच्या, कपाशीच्या खेपा मिळत होत्या. लग्न झालं होतं, घरावर स्लॅब पडला होता. आणि २०१५ च्या सप्टेंबरात एका सोमवारी सकाळी त्यानं औरंगाबादला आपल्या धाकट्या बहिणीला फोन केला.

मेघा उस्मानपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. सकाळची वेळ म्हणजे उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग. तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"शर्टाचं कुणाला सांगितलं तू?" राजकुमार म्हणाला. ना हॅलो, ना जयभीम.

"कोणता शर्ट, दादा?"

"येड्याचं सोंग घेऊ नको. काल टीव्हीवर दाखवला. आख्ख्या गावानं पाह्यला."

"अरे, पण कशात?"

"आरोपी हजरमधी. शेवटचा भाग व्हता. बहीण शर्ट धुती, भावाचा. रक्ताचा. आता सांग, कुणापाशी बोललीस?"

मेघाच्या हातातली सुई तशीच राहिली. समोरच्या आजोबांनी दंड पुढं करून ठेवला होता. ती म्हणाली, "मी कुणाला नाही सांगितलं."

"मग त्यांना काय सपान पडलं?" म्हणून त्यानं फोन ठेवला.

'आरोपी हजर' ही कोर्टाची मालिका तेव्हा घराघरात चालू होती. तिचं तिसरं पर्व नुकतंच संपलं होतं. लॅबमधल्या पोरी सोमवारी डबा खाताना तिच्यावरच बोलायच्या. मेघा मात्र ती बघत नसे. कोर्ट तिनं दोन वर्षं प्रत्यक्ष पाहिलं होतं, तेवढं तिला पुरेसं होतं.

शर्टाची गोष्ट अशी. दहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मेघा लासूरला घरी आली होती. लॅबचा कोर्स करत होती, बावीस वर्षांची होती. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला राजकुमार घरी आला तो नाकाला हात लावून. पांढरा, निळ्या रेघांचा शर्ट छातीपासून पोटापर्यंत रक्तानं भिजलेला. "घोळणा फुटला," तो म्हणाला. त्याला लहानपणापासून ती खोड होती, ऊन लागलं की नाकातून रक्त यायचं. मेघानं शर्ट घेतला, मोरीत थंड पाण्यात बुडवला, सोडा लावून चोळला आणि तारेवर टाकला. आई मुक्ताबाई चुलीपाशी होती, तिनं काही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कापसाच्या जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये, ठेक्यानं कामं घेणाऱ्या सोमनाथ गुत्तेदाराचा मुडदा सापडला. डोक्यात लोखंडी हूक घातलेला. दोनच दिवसांपूर्वी त्यानं आवारात सगळ्यांदेखत राजकुमारच्या थोबाडीत मारली होती, आणि राजकुमार म्हणाला होता, "बघून घेतो तुला." पोलिसांकडं एवढंच होतं. दोन वर्षं खटला चालला, कुणी पाहणारा मिळाला नाही, हुकावर कुणाचे ठसे मिळाले नाहीत. कोर्टानं त्याला सोडलं. खरा खुनी शेवटपर्यंत सापडला नाही.

शर्टाचं नाव त्या दोन वर्षांत कोर्टात एकदाही निघालं नाही. फोनवर काहीही म्हणाली, तरी मेघानं ते एकाच माणसाला सांगितलं होतं: राजकुमारचे वकील, विश्वजीत पाथ्रीकर. वकिलापासून काही लपवू नये असं तिनं ऐकलं होतं, म्हणून साक्षीच्या आधी ती अदालत रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. पाथ्रीकरांनी पेन खाली ठेवलं होतं. "असा शर्ट नाही," ते म्हणाले होते. "कळलं का? कोर्टात विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. कपड्यांचं कुणी विचारणार नाही."

कुणी विचारलंही नाही. आई पुढं वारली, तिला कधी कळलंच नाही. म्हणजे शर्ट माहीत असलेली माणसं तीनच होती. त्यातल्या एकानं आता दुसऱ्यावर संशय घ्यायला सुरुवात केली होती.

लासूरला आवारात राजकुमारचा टेम्पो शिरला की कुठूनतरी कोर्टातल्या शिपायासारखी लांबलचक हाळी यायची, "आरोपी हजर हैऽऽ!" हमाल हसायचे. मागच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटानं तेच लिहून ठेवायचं. सोमनाथचा भाऊ कडुबा, ज्याचं आवारात अडतीचं दुकान होतं, तो इतकी वर्षं राजकुमारला बघून नुसती मान फिरवायचा. आता तो सरळ समोर येऊन उभा राहिला. "कोर्टानं सोडलं रे तुला," तो म्हणाला. "म्या नाय सोडलं. माह्या मालाला हात लावू नको, आन् दुसऱ्या कुणाच्या लावलास तर त्याचा माल म्या घेणार नाय." महिन्याभरात राजकुमारच्या खेपा बंद पडल्या. मोनाली, त्याची बायको, नळावर पाणी भरायला जायची तर बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या.

हे सगळं मेघाला मोनालीच्या फोनवरून कळत होतं. राजकुमार तिचा फोन उचलत नव्हता.

मालिका बघायची तर ती कुठं मिळेना. चॅनलनं तिसरं पर्व पुन्हा दाखवलं नाही, इंटरनेटवर नुसत्या जाहिराती. डिसेंबरात पैठण गेटजवळच्या एका दुकानाच्या काचेत तिला डबा दिसला. 'आरोपी हजर, पर्व तिसरं, चार डीव्हीडींचा संच.' दुकानदार म्हणाला, "ताई, पहिली दोन पर्वं पडून आहेत, हेच संपून राहिलंय. शेवट लई भारी आहे." मेघानं काही न बोलता डबा पिशवीत टाकला.

रविवारी दुपारी तिनं तो लावला. नवरा आकाश वाळूजच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला होता, तोही झोप सोडून शेजारी बसला. पहिल्या तीन डिस्कांवर भाग होते. गावाचं नाव बदललेलं, टेम्पोच्या जागी ट्रक, लॅबवाल्या बहिणीच्या जागी नर्स. तरी पहिल्या तासातच तिला एकेक माणूस ओळखू यायला लागला. थोबाडीत मारलेली होती. हूक होता. शेवटच्या भागात ती नटी मोरीत बसली, निळ्या रेघांचा शर्ट बादलीत बुडवला आणि कॅमेऱ्याकडं न बघता म्हणाली, "थंड पाण्यातच धुवावं. गरम पाण्यानं डाग पक्का बसतो."

मेघानं रिमोट दाबला. चित्र थांबलं.

"हे मी बोलले होते," ती म्हणाली. "हेच. असंच."

"कुणाला?" आकाशनं विचारलं.

तेव्हा तिला शर्टाबद्दल आणि पाथ्रीकरांबद्दल नवऱ्याला सांगावं लागलं. तो सगळं ऐकून घेऊन उठला, पाणी प्यायला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "सात वर्षं झाली आपल्या लग्नाला," तो म्हणाला. "वकिलाला सांगितलंस, मला नाही. आणि मी चारचौघांत शपथा घेत फिरतोय, माझा मेहुणा असा नाही म्हणून."

"तो असा नाहीच."

"मग लपवलं कशाला?"

तिनं पुन्हा बटण दाबलं. शेवटी ट्रकवाला सुटतो, कोर्टाच्या पायऱ्या उतरतो, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवतो आणि हसतो, आणि त्या हसण्यावरून प्रेक्षकाला कळतं की खून त्यानंच केला होता. मेघानं ते हसणं चार वेळा मागं नेऊन पाहिलं. नट राजकुमारसारखा दिसत नव्हता, तरी पाचव्या वेळेला तिला तिथं राजकुमारच दिसला. त्या संध्याकाळी दारात उभा असताना त्याच्या नाकातून खरंच रक्त गळत होतं का, की नुसता हात लावला होता? तिला हात आठवत होता. नाक आठवत नव्हतं. दहा वर्षांत हा प्रश्न तिच्या मनात आला नव्हता, आणि आता तो जाईना.

चौथी डिस्क तिनं तिसऱ्या दिवशी लावली, दुपारी, एकटीनं. तिच्यावर भाग नव्हते. नटांच्या गमती, चित्रीकरणाचे तुकडे, आणि 'पडद्यामागे' नावाची वीस-बावीस मिनिटांची मुलाखत. खुर्चीत विश्वजीत पाथ्रीकर बसले होते. केस पांढरे झालेले, मागं कायद्याची पुस्तकं. खाली पट्टी आली: कथा आणि कायदेविषयक सल्ला.

"लोक विचारतात, हे सुचतं कसं," पाथ्रीकर सांगत होते. "सुचत नाही हो. घडलेलं असतं. मराठवाड्यातलं एक स्टेशनचं गाव. एक गुत्तेदार मारला जातो. टेम्पोवाला पोरगा आरोपी, मी त्याचा वकील. साक्षीच्या आदल्या दिवशी त्याची बहीण येते, आता तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसते, आणि मला शर्टाचं सांगते. मी कायद्यानं बांधलेला! मी पोराला सोडवलं. पण त्या रात्री मला झोप नाही लागली."

"म्हणजे तो दोषी होता?" मुलाखत घेणाऱ्या मुलीनं विचारलं.

पाथ्रीकर हसले. "ते प्रेक्षकांनी ठरवावं."

मेघानं डिस्क काढली, डब्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी लॅबमधून अर्धी रजा घेऊन अदालत रोडला गेली.

पाथ्रीकरांचं ऑफिस आता दोन मजली झालं होतं. जिन्यात मालिकेचं पोस्टर काचेच्या चौकटीत लावलेलं. तासभर बसल्यावर तिला आत बोलावलं. एक तरुण वकील कोपऱ्यात फायली चाळत होता.

"ओळखलंत का साहेब? मेघा साळवे. लासूरच्या राजकुमारची बहीण."

"अरे वा! या, बसा. भाऊ काय म्हणतो?"

"भावाला आवारात कुणी उभं करत नाही. तुमच्या मालिकेमुळं."

पाथ्रीकरांनी चष्मा काढला. "मालिकेच्या आधी एक पाटी येते, ताई. सर्व पात्रं आणि घटना काल्पनिक. तुम्ही वाचली नसेल."

"वाचली. प्रत्येक भागाला आहे. चौथ्या डिस्कवर नाही."

पाथ्रीकरांनी चष्मा पुन्हा लावला. मग कोपऱ्यातल्या तरुणाला म्हणाले, "तू बाहेर थांब." दार लागलं. "हं. काय पाहिजे?"

"डिस्कवर बोललात ते टीव्हीवर मागं घ्या. राजकुमारनं खून केला नाही म्हणा."

"मी त्याचं नाव कुठं घेतलं?"

"स्टेशनचं गाव म्हणालात, गुत्तेदार म्हणालात, टेम्पोवाला म्हणालात. आधार कार्ड तेवढं दाखवायचं राहिलं."

"जन्मठेपेतून वाचवलं मी त्याला," पाथ्रीकरांचा आवाज चढला. "त्याच्या आईनं पाय धरले होते माझे. आणि तू मला जाब विचारायला आलीस?" 'ताई' आणि 'तुम्ही' दोन्ही गेलं होतं. "ऐक आता. तू लॅबचं शिकत होतीस तेव्हा. रक्त कसं तपासायचं हे माहीत असलेली मुलगी रक्तानं भरलेला शर्ट हातात घेते आणि काय करते? धुते. तपासत नाही, जपून ठेवत नाही, धुते. मी लेखक म्हणून एवढंच विचारलं, का? त्याचं उत्तर तुझ्याकडं आहे?"

मेघानं पर्सचा पट्टा हाताला गुंडाळला.

"नाही ना? मग कायद्याचं ऐक. पुरावा नष्ट करणं, कलम दोनशे एक. भाऊ सुटला. तू सुटलेली नाहीस, कारण तुझ्यावर खटला झालाच नव्हता. आणि माझी तक्रार करायची तर खुशाल कर. पण अशील तू नव्हतीस, तो होता. सही त्याची लागेल. आणि वकिलानं माझं गुपित फोडलं असं म्हणायचं, तर ते गुपित खरं होतं असं आधी लिहून द्यावं लागेल. शर्ट होता, रक्त होतं, बहिणीनं धुतलं. आज गाव म्हणतंय टीव्हीत दाखवलं. उद्या म्हणेल, त्यानं स्वतःच्या सहीनं कबूल केलं. विचार जाऊन त्याला, करतो का सही."

मेघा उठली. "तुम्हाला सगळं पाठ आहे," ती म्हणाली.

"तीस वर्षं झाली या धंद्यात."

"कायदा नाही म्हणत मी. माझं वाक्य पाठ आहे तुम्हाला. गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. त्यातला एक शब्द जरी बदलला असता ना, तर मी म्हणाले असते, माणसाला थोडी लाज आहे."

"बाहेर हो," पाथ्रीकर म्हणाले.

पुढच्या रविवारी ती पॅसेंजरनं लासूरला गेली. राजकुमार अंगणात टेम्पोचं बॉनेट उघडून बसला होता. तिला बघून त्यानं मान वर केली नाही. मोनालीनं पाणी आणून दिलं. घरात लग्नाची सीडी बघायला घेतलेला जुना डीव्हीडी प्लेयर होता. "दादा, वीस मिनिटं बस," मेघा म्हणाली. "मग मला घालवून दे."

तो दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानंच मुलाखत बघत राहिला. 'त्याच खुर्चीत बसते' हे ऐकलं तेव्हा त्यानं एकदा बहिणीकडं पाहिलं. संपल्यावर मेघानं डिस्क काढून डब्यात ठेवली.

"म्हंजी वकिलानंच इकलं," तो म्हणाला.

"हो. आणि मी त्याला सांगितलं होतं. तुला न विचारता. तेवढं माझं चुकलं."

"चुकलंच." पण आवाजातली धार थोडी कमी झाली होती. मेघानं त्याला बार कौन्सिलच्या तक्रारीचं सांगितलं, सहीचं सांगितलं, आणि सही केली तर शर्ट कागदावर येईल हेही सांगितलं. त्यानं हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं.

"आता झाकायचं काय राह्यलं? लिही. शर्ट व्हता, घोळणा फुटला व्हता. लिही."

"अर्जात लिहावं लागेल, रक्त कुणाचं होतं."

"मग?"

"तू सांगशील ते लिहिते."

राजकुमारचा हात फडक्यावर थांबला. मेघाला आपण काय बोलून गेलो ते त्याच क्षणी कळलं, पण शब्द गेला तो गेलाच.

"मी सांगंन ते?" तो हळू म्हणाला. "म्हंजी तुला ठावं नाय. तू व्हतीस दारात. तूच काढून घेतला माह्या अंगातून. आन् तुला ठावं नाय."

"दादा, तसं नाही..."

"तसंच हाय. गाव म्हणलं, कडुबा म्हणला, म्या ऐकून घेतलं. कडुबाचा भाऊ मेला, त्याला काय बोलायचं? पर तू." त्यानं मोनालीकडं पाहिलं. ती पदराचं टोक हातात धरून उभी होती. "ही नव्हती तवा. हिनं कधी इचारलं नाय मला. एकदाबी नाय."

मेघा रडायला लागली. त्यानं तिला थांबवलं नाही. तिच्या पर्समधून कोरा कागद काढून त्यानं खाली सही केली आणि तो तिच्यापुढं सरकवला. "वर काय लिहायचं ते तुहं तू लिही," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बॉनेटखाली डोकं घातलं.

मेघानं तो कोरा कागद वापरला नाही. एका ओळखीच्या वकीलबाईंकडून तिनं रीतसर अर्ज लिहून घेतला, मोनालीच्या हातून लासूरला पाठवून राजकुमारला वाचायला लावला आणि त्याच्या सहीनिशी दिला. त्यात लिहिलं होतं की रक्त अर्जदाराचं स्वतःचं होतं. सोबत चौथी डिस्क जोडली.

सुनावणीला सव्वा वर्ष लागलं. बार कौन्सिलची समिती औरंगाबादलाच बसली, तीन वकील एका टेबलामागं. राजकुमार आला, पण मेघापासून दोन बाकं सोडून बसला. डिस्क लॅपटॉपवर लावली गेली. पाथ्रीकर स्वतःच्या बाजूनं स्वतःच उभे राहिले आणि मेघाला प्रश्न विचारायला लागले. तिला त्यांचा आवाज ओळखीचा होता. कधीकाळी याच आवाजानं तिच्या भावाच्या बाजूनं सरकारी साक्षीदारांना घाम फोडला होता.

"रक्त तुमच्या भावाचं होतं, असं तुम्ही म्हणता. तपासलं होतं?"

"नाही."

"तपासता येत होतं?"

"आलं असतं."

"मग का नाही तपासलं?"

"भावानं सांगितलं, घोळणा फुटला. माझा विश्वास होता."

"होता," पाथ्रीकरांनी शब्द उचलला. "आता नाही?"

मेघानं राजकुमारकडं पाहिलं नाही. खोटं बोलणं सोपं होतं, आणि इथं ते कुणाला सापडलंही नसतं.

"मधे शंका आली होती," ती म्हणाली. "दहा वर्षांत कधी आली नाही ती. पोलीस घरी आले तेव्हा आली नाही, दोन वर्षं तारखा पडल्या तेव्हा आली नाही. तुमची मालिका बघितली तेव्हा आली. मला नाक आठवेना झालं, नुसता तुमचा नट आठवायला लागला. मी माझ्या सख्ख्या भावाला त्याच्या घरात उभं राहून विचारलं. तो माझ्याशी बोलत नाही आता. शर्ट लोकांना कळला ही त्याची तक्रार आहे, ती कागदावर आहे. माझी कागदावर नाही. मी तुमच्यावर विश्वास ठेवून एक गोष्ट सांगितली, तिचा शेवट तुम्ही मनानं लावलात, आणि तो माझ्याच डोक्यात घातलात."

"हे उत्तर प्रश्नाला धरून नाही," पाथ्रीकर समितीकडं बघून म्हणाले.

"राहू द्या ते," मधले म्हातारे वकील म्हणाले. "नोंदीत येऊ द्या."

निकाल दोन महिन्यांनी आला. अशिलाची गोपनीय माहिती उघड केली म्हणून विश्वजीत पाथ्रीकरांची सनद सहा महिन्यांसाठी निलंबित झाली. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. कंपनीनं नव्या डब्यांतून मुलाखत काढून टाकली. विकले गेलेले लोकांच्या घरात राहिले. कलम दोनशे एकची कुणी वाच्यता केली नाही. सहा महिने सरल्यावर अदालत रोडच्या बाकांवर पुन्हा अशील बसायला लागले.

कडुबानं राजकुमारला आवारात येऊ दिलं नाही ते नाहीच. निकालाचा कागद मोनालीनं त्याला नेऊन दाखवला तेव्हा तो म्हणाला, "वकिलाचं पाप निराळं, ह्याचं निराळं." राजकुमारनं लासूरचं काम सोडलं आणि टेम्पो गंगापूरकडं ऊस आणि बेणं वाहायला लावला. तिकडं त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी पायऱ्या उतरताना तो एकदाच मेघाशी बोलला होता. "शंका आली म्हणलीस."

"हो."

"खरं बोललीस." तो खालच्या पायरीवर थांबला. "ते बरं केलं का वाईट, ते मला अजून कळलं नाय." आणि गर्दीत शिरून तो बसस्टँडकडं चालायला लागला.

पुढच्या चौदा एप्रिलला मेघा आकाशला घेऊन लासूरला गेली. निरोप पाठवला नव्हता. मोनालीनं दार उघडलं, आत घेतलं, खीर वाढली. राजकुमार आकाशशी उसाच्या तोडीबद्दल बोलत राहिला, मिरवणूक किती वाजता निघणार ते सांगितलं. मेघानं दोनदा काही विचारलं, त्याचं उत्तर मोनालीनं दिलं. मिरवणुकीत तो पुढं गेला, या दोघी मागं राहिल्या.

परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मेघा पिशवी घेऊन बाहेर आली. राजकुमार टेम्पो सुरू करून बसला होता. त्यानं डावीकडचं दार आतून ढकललं. आकाश मागं चढला, मेघा पुढं बसली. स्टेशनपर्यंत रस्ता दहा मिनिटांचा, मिरवणुकीच्या गर्दीमुळं अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात तो एक शब्द बोलला नाही, तीही बोलली नाही. स्टेशनसमोर त्यानं टेम्पो उभा केला, इंजिन बंद केलं आणि ती उतरून फलाटाकडं वळेपर्यंत ते पुन्हा सुरू केलं नाही.